हललेले फोटो

जुना अल्बम उघडला की आधी फोटो दिसत नाहीत, आधी कागद बोलतो. दोन काळ्या पानांच्या मध्ये घातलेला तो पातळ, दुधी, कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उमटवलेला कागद बोटांखाली सळसळतो, उचलताना किंचित चिकटून राहतो, सोडवू गेलं तर कडेशी फाटतो. आणि त्याच्या आडून हळूहळू माणसं दिसू लागतात, आधी पांढरी धोतरं, मग पातळांचे काठ, मग कपाळं, मग डोळे. कापराचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि बंद कपाटात साठून राहिलेल्या कितीतरी पावसाळ्यांचा मिसळलेला वास वर येतो. तिथे मी नेहमी थोडी थांबते. पुढच्या पानावर कोण आहे हे ठाऊक असतं, म्हणूनच थांबते.

पुढच्या पानावर बाळकाका आहे.

बाबांचा पाठचा भाऊ. जन्म १९४३ चा. १९६९ च्या आषाढात तो गेला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि मी आठ. कराडच्या सोमवार पेठेतल्या आमच्या घरात त्याची म्हणावी अशी चीजवस्तू फार थोडी उरली. खादीचे सदरे आजीने कुणाला तरी देऊन टाकले, सायकल बाबांनी वापरली आणि एक दिवस तीही गेली. राहिला तो तपकिरी पिशवीतला अग्फा क्लिक थ्री कॅमेरा. आणि त्या कॅमेऱ्यातून निघालेली, सव्वादोन इंची चौकोनात मावलेली, पांढऱ्या किनारीच्या आतली सगळी माणसं राहिली. आज मी त्याला काका म्हणते आणि तो माझ्या धाकट्या मुलाहूनही लहान आहे. फोटोतली माणसं नाती अशी उलटीपालटी करून ठेवतात. आपण पुढे निघून जातो, केस पिकतात, गुडघे कुरकुरू लागतात. ती मात्र त्याच उन्हात, त्याच अंगणात, डोळे किलकिले करून आपल्याकडे बघत उभी राहतात.

अग्फा क्लिक थ्री हा त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांतला कॅमेरा. बडोद्याला बनायचा. त्यात फारसं काही नव्हतंच. एक साधं भिंग, ऊन की ढग एवढंच ठरवणारी एक कळ, आणि एक खटका. रोल एकशेवीस नंबरचा, त्यात फोटो बारा. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे एकेका फोटोआधी घरात एखाद्या कार्याची गडबड उडायची. आई पदर सारखा करायची, आजी ‘मला कशाला, मला कशाला’ म्हणत स्वतःची खुर्ची अंगणात आणायला लावायची, बाबा उगाचच घसा साफ करायचे, आणि बाळकाका सूर्य पाठीशी घेऊन तुळशीवृंदावनापर्यंत मागे मागे सरकत जायचा. मग म्हणायचा, “श्वास रोखा.”

खरं तर फोटो काढून घेणाऱ्याने श्वास रोखायची काही गरज नसते. ती गरज काढणाऱ्याला असते. त्या कॅमेऱ्याचा खटका सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाएवढा वेळ उघडा राही, आणि तेवढ्यात हात जरासा हलला तरी समोरचं सगळं घर हलायचं. पण आमच्याकडे प्रथा पडून गेली. तो श्वास रोखायचा, आणि त्याच्याबरोबर आम्ही सगळे.

त्याच्या बहुतेक आठवणींची मला खात्री नाही. त्याच्या सायकलच्या दांडीवर मी खरंच बसले होते, की तो फोटो पाहून पाहून मीच तिथे जाऊन बसले? कृष्णेच्या घाटावर त्याने मला खांद्यावर घेतलं होतं, त्याच्या केसांना माक्याच्या तेलाचा वास होता, हे मला आठवतं, की फोटोतले ते चकचकीत केस पाहून मी त्यांना वास देऊन टाकला? लहानपणच्या आठवणीत आपण स्वतःला पाठीमागून, बाहेरून, दुरून पाहू लागलो की समजावं, ही आठवण नव्हे, हा फोटो आहे. आठवणीत आपलं तोंड आपल्याला दिसत नसतं.

एक मात्र माझी आहे. ती कुठल्याच फोटोत नाही, कारण तिथे फोटो काढण्यापुरता उजेडच नव्हता.

रात्रीची जेवणं आटोपल्यावर कोठीच्या खोलीत बाळकाका फोटो छापायचा. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीला धोतराचा बोळा, बल्बवर लाल कागद. धान्याच्या कणग्या, लोणच्याच्या बरण्या, भिंतीवर टांगलेल्या चाळण्या हे सगळं त्या तांबड्या उजेडात ओळख विसरल्यासारखं व्हायचं. पाटावर तामचिनीची तीन ताटं. एकात औषध, एकात पाणी, एकात हायपो. काचेखाली निगेटिव्ह आणि कागद दाबून तो पांढरा दिवा लावायचा आणि मी आकडे म्हणायचे. दिवा विझला की कागद पहिल्या ताटात सोडायचा आणि ताट एका बाजूने हळूहळू उचलून खाली ठेवत राहायचा. कागद कोराच. पाणी त्याच्यावरून जातंय, येतंय, कोराच. आणि मग एकदम, कुणी हाक मारल्यासारखे, दोन डोळे आले. नुसते डोळे. पाठोपाठ केस, भुवया, नाकपुड्यांचे दोन ठिपके, आणि मग त्या सगळ्यांना सांधत गाल, हनुवटी, परकराच्या चुण्या. ती मी होते. आंबूस, गंधकासारखा वास नाकात भरला होता, आणि माझ्या कानाशी त्याचा आवाज होता.

“बघ, काळं आधी येतं. पांढरं येत नाही, ते राहतं.”

हे वाक्य मला सहाव्या-सातव्या वर्षी काही समजलं असेल असं नाही. पण त्याचा आवाज मला त्या एका वाक्यापुरता अजून ऐकू येतो. थोडा खर्जातला, मध्येच थांबून श्वास घेणारा. ‘काळं आधी येतं’ म्हणाला, थांबला, मग पुढचं म्हणाला.

दादासाहेब फाळके यांनी मोठा चित्रपट काढण्याच्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरला होता आणि कॅमेरा समोर लावून रोज त्या रोपाची थोडी थोडी चित्रं घेत वेलीच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. त्या चित्रपटावर त्यांना पुढे भांडवल मिळालं. आपल्या घरांतले अल्बम मला तसेच वाटतात. कुणी ठरवून केलेले नसतात, पण पानं भराभर उलटली तर रोपं वाढताना दिसतात. मुंज होते, मिसरूड फुटते, धोतराची पँट होते, कडेवर पोर येतं, कानशिलावर पांढरं येतं. बाबांचं रोप या अल्बमातून त्या अल्बमात, काळ्यापांढऱ्यातून रंगीतात, कराडातून पुण्यात वाढतच जातं. त्यांच्या शेजारचं मध्येच थांबतं. त्याची जागा पुढच्या पानांवर कुणी रिकामी ठेवलेली नसते. बाकीची माणसं नकळत सरकून उभी राहतात, आणि फोटो पुन्हा भरल्यासारखा दिसतो.

बाळकाकाचे स्वतःचे फोटो थोडेच आहेत, कारण कॅमेरा त्याच्या हातात असायचा. जे आहेत ते बहुतेक बाबांनी काढलेले. प्रीतिसंगमावर, जिथे महाबळेश्वराला जन्मलेल्या कृष्णा आणि कोयना वेगवेगळ्या वाटांनी येऊन समोरासमोर भेटतात आणि कुणीच माघार न घेता वळून एकत्र निघतात, तिथे घाटाच्या दगडी कठड्याला रेलून तो उभा आहे, एक पाय दुमडून मागे टेकवलेला. दुसऱ्यात सायकलच्या सीटवर कोपर. तिसऱ्यात तुळशीवृंदावनावर हात. चौथ्यात, माझ्या आत्याच्या लग्नात, मांडवाच्या खांबाला खांदा लावून. ग्रुप फोटोत सगळे ताठ, शिक्षा झाल्यासारखे उभे, आणि हा बाबांच्या खांद्यावर हात टाकून मान किंचित कलती केलेला. घरात त्याचं कौतुक होतं. आई म्हणायची, “भाऊजींना फोटोत उभं राहता यायचं हो.” शेजारची माणसं त्याला देव आनंद म्हणायची. आम्ही भावंडं मोठी झालो ती हीच ऐट बघत. माझ्या चुलतभावाने कॉलेजात असताना मुद्दाम तसाच, दाराच्या चौकटीला रेलून, स्वतःचा फोटो काढून घेतला होता.

गेल्या दिवाळीत सांगलीहून आत्या आली होती. बाळकाकाहून दोन वर्षांनी मोठी, आता चौऱ्याऐंशीची. दुपारची वेळ, अंगणात उतरतं ऊन, तिच्या मांडीवर अल्बम आणि हातात भिंग. घाटावरच्या त्या फोटोपाशी ती बराच वेळ थांबली. मी म्हटलं, “काय ऐट होती ना बाळकाकाची.”

आत्याने भिंग खाली ठेवलं.

“ऐट कसली गं. टेकल्याशिवाय उभं राहवायचं नाही त्याला.”

मग ती सांगत गेली, आणि मी पानं मागे मागे उलटत गेले. नवव्या-दहाव्या वर्षी त्याचा घसा धरला, ताप आला. गुडघे सुजले, ते उतरले तर घोटे, मग मनगटं. काही आठवड्यांनी सगळं ओसरलं आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. ऱ्हुमॅटिक ताप तो. सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर मंडळींत पूर्वापार म्हणतात. पोरवयात साध्या वाटणाऱ्या घसादुखीच्या मागोमाग हा ताप येई आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर आपली खूण ठेवून जाई. वर्षानुवर्षं काही कळत नाही. झडप जाड होते, आकसते, रक्त पुढे जायला अडतं, मागे फुप्फुसांत तुंबतं. आधी जिना चढताना दम लागतो, मग सपाटीवर चालताना, मग नुसतं आडवं पडलं तरी. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असे. आम्हा मुलांना एवढंच सांगितलं होतं, की काकाची प्रकृती नाजूक आहे, त्याला पळवू नका. तो कधी पळत नसे. आम्हाला वाटे, मोठी माणसं पळत नाहीत.

त्या दुपारी अल्बम पुन्हा पहिल्यापासून पाहिला. तेच फोटो. माणसं जिथल्या तिथे. पण आजवर ज्यांना फोटोतले दोष समजून बोट पुढे सरकत होतं, ते एकेक करून बोलू लागले.

आगाशिवच्या डोंगरावरचा फोटो. कराडजवळच्या त्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. श्रावणात घरातले सगळे तिथे गेले होते. फोटोत डोंगरच डोंगर आहे, आणि वर, पायवाटेच्या वळणावर, मुंग्यांएवढी माणसं. पांढरा ठिपका म्हणजे आजी, त्याच्या शेजारचा बाबा. एवढ्या लांबून कशाला काढला, चेहरेसुद्धा दिसत नाहीत, असं आम्ही नेहमी म्हणायचो. तो पायथ्याशी थांबला होता. सगळे वर जाताना त्याने बघितलं असेल, ‘व्हा पुढे, मी आलोच’ म्हटलं असेल, एखाद्या दगडाला टेकला असेल, आणि ते लहान होत होत वळणापाशी पोहोचले तेव्हा खटका दाबला असेल. त्या फोटोत त्याला जाता आलं नाही तेवढं सगळं अंतर आहे. गवत, कातळ, वाट. एका माणसाच्या श्वासाला न पेललेला चढ इतका नेमका मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

मग ते पिवळे पडलेले. आमच्या अल्बमात एक चमत्कारिक गोष्ट आहे. सर्वांत जुने फोटो अजून काळेभोर, कोरीव आहेत आणि त्यांच्यानंतरचे, शेवटच्या दोनतीन वर्षांतले, डागाळून तपकिरी-पिवळे झाले आहेत. वयाच्या हिशेबाने हे उलटं आहे. पण फोटो म्हणजे जिलेटिनच्या थरात रुतलेली बारीक चांदी असते; हायपोने फोटो पक्का होतो, पण तो हायपो नंतर पाण्याने पुरता धुऊन काढावा लागतो, नाहीतर त्यातलं गंधक वर्षानुवर्षं चांदीला खात राहतं. धुवायचं म्हणजे तासभर, पाणी बदलत बदलत. आमच्याकडे पाणी परसातल्या विहिरीचं. रहाटाला दोर, दोराला बादली. आधी तो बादल्यांवर बादल्या ओढत असेल. मग निम्म्या. मग दोनतीन. कुणाला हाक मारून ‘पाणी काढून दे’ म्हणाला नसेल, कारण तसं म्हटलं की आजीच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते त्याला माहीत होतं. त्या फोटोंवरचा एकेक डाग म्हणजे न ओढलेली एकेक बादली आहे. माझ्या हातावर ते फोटो ठेवले की मला दोर सोडून भिंतीला टेकलेला तो दिसतो.

आणि हललेले फोटो. १९६८ च्या पुढचे जवळजवळ सगळेच. आजीला चार डोळे, बाबांना दुहेरी खांदे, माझ्या परकराची किनार उमटून पुन्हा जराशी सरकून उमटलेली. कॅमेरा बिघडला असं घरात ठरलं होतं. कॅमेरा बिघडला नव्हता. मी पुढे तो वापरला, अजून ठीक चालतो. खटका दाबण्यापुरता, सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाएवढा श्वास त्याला रोखून धरता येत नव्हता. “श्वास रोखा,” तो म्हणायचा, आम्ही रोखायचो, आम्हाला यायचा. त्या अस्पष्ट फोटोंमध्ये समोर आम्ही आहोत. पण उमटला आहे तो त्याचा श्वास. त्याच्या छातीची धाप, खालून वर गेलेली, कागदावर चांदीत थिजून राहिलेली. तो ज्या फोटोंत नाही असं आम्ही समजत आलो, त्यांतच तो सर्वांत जवळ आहे.

एक फोटो स्टुडिओतला आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमानी आणि कारंजं. पुढे उंच स्टूल, स्टुलावर कागदी फुलांची फुलदाणी, आणि फुलदाणीशेजारी त्याचा हात. तिथेही टेकलेलाच. या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाची दोन भोकं आहेत, त्यांच्याभोवती तांबूस वलय. भिंगातून पाहिलं की गंजाचे कण अजून कागदात रुतलेले दिसतात. पत्रिकेला टाचून हा फोटो वाईच्या एका स्थळाकडे गेला होता. मुलीकडच्यांना पसंत होता. आजीने साड्यांची बोलणीसुद्धा सुरू केली होती. आत्या सांगते, तेव्हा बाळकाकाने घरात कुणालाही न विचारता मुलीच्या वडिलांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. प्रकृतीचं सगळं खरं खरं लिहिलं. आठवड्याभरात पत्रिका आणि फोटो परत आले. आजी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. तो मात्र त्या संध्याकाळी अंगणात बसून शांतपणे फोटोची टाचणी काढत होता, असं आत्याने पाहिलं. त्या दोन भोकांमधून एक न झालेलं लग्न, एक न झालेलं घर, मला कधीच न भेटलेली काकू आरपार दिसते. आणि दिसतं त्याचं मन. स्वच्छ, धुतलेलं, कुठलाही डाग न ठेवलेलं.

त्याच फोटोवरून पुढे भिंतीवरचा मोठा फोटो केला. तो गेल्यावर. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे स्टुडिओवाल्याने रंग भरले, गालांवर गुलाबी हात फिरवला, ओठ रेखले, फुलदाणी आणि हात काढून टाकले, आणि सदऱ्यावर एक काळा कोट चढवला. बाळकाकाने आयुष्यात कोट घातला नव्हता. चंदनाचा हार घालून तो फोटो दिवाणखान्यात लागला आणि आम्ही तिथेच नमस्कार करत वाढलो. आजी त्याच्याकडे पाठ करून बसायची. “हा कुणाचा तरी शहाणा मुलगा आहे,” म्हणायची, “माझा नव्हे.” चूक काढायला त्या फोटोत काही नव्हतं. तो कुठे हलला नव्हता, कुठे पिवळा पडला नव्हता, कशाला टेकला नव्हता. जे जे त्याचं होतं ते निगुतीने पुसून टाकलं होतं.

आता एक शेवटचा फोटो. माझ्या लेखी साऱ्या अल्बमातला सर्वांत सुंदर.

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कराडही हादरलं. आमच्या घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. त्यानंतर किती तरी रात्री कुणी छपराखाली झोपायला तयार नव्हतं. लहानमोठे धक्के येतच होते. अंगणात, मैदानात, नदीकाठी, जिथे वर आभाळ असेल तिथे माणसं अंथरुणं टाकत होती. फोटो त्यातल्याच एका सकाळचा, बाबांनी काढलेला. कोवळं, तिरपं ऊन. आमच्या कडुलिंबाखाली ओळीने गोधड्या, गोधड्यांतून बाहेर आलेली डोकी, एका बाजूला चुलीचा धूर, शेजारपाजारची बिऱ्हाडं. आणि लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून, घोंगडी गळ्यापर्यंत ओढून, बाळकाका बसलेला. मांडीवर डोकं ठेवून एक पोर झोपलंय. ते पोर मी आहे. तो हसतो आहे. बाकी कुठल्याच फोटोत तो असा, दातांसकट, मोकळा हसलेला नाही.

आजूबाजूला एवढी दहशत आणि हा हसतो कसा, हे मला कधी उमगलं नव्हतं. आत्या त्या आठवड्यात माहेरी होती. ती म्हणाली, “ते दिवस त्याला सुखाचे गेले गं. आडवं पडलं की गुदमरायचा तो. दोन वर्षं रात्र रात्र उशांच्या ढिगाला टेकून एकटा बसून काढायचा, आम्ही घोरत असायचो. भूकंपात सगळं गावच जागं. रात्री बसून राहणारा तो एकटा नव्हता.”

मी तो फोटो हातात घेऊन बसले. गावावर आलेल्या संकटात एका माणसाचा एकटेपणा तेवढ्यापुरता सुटला होता. सगळं गाव त्याच्याबरोबर उशाशी बसलं होतं, आभाळाखाली, शेकोट्या पेटवून, पहाट व्हायची वाट बघत. तो त्यांना गोष्टी सांगत होता म्हणे. रात्र कशी काढायची हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

या फोटोच्या मागे, काळ्या कोपऱ्यांत अडकवलेली, चार घड्या घातलेली एक बातमी मिळाली. फेब्रुवारी १९६८. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केल्याची. भारतातलं पहिलं. रुग्ण काही तासच जगला, हेही त्या बातमीत आहे. ते वाचूनही त्याने ती कात्रीने सरळ कापली आणि जपली. त्याला नवं हृदय नको होतं, एक झडप मोकळी व्हायला हवी होती, आणि ती शस्त्रक्रिया तेव्हा मुंबईत होत होती. न्यायचं ठरत होतं. पैशांचं, पावसाचं, धीराचं काहीतरी आड येत राहिलं. आषाढातल्या एका पहाटे आजी चहा घेऊन गेली तेव्हा तो उशांना टेकून बसलेलाच होता.

आमच्या घरात त्याच्याबद्दल फार बोललं गेलं नाही. तरुण मुलाचं जाणं अशा घरात बोलण्याच्या पलीकडे ठेवून देतात. त्या न बोलण्यात माया होती, पण तिची किंमतही होती. तो आमच्यापाशी कोट घातलेला, गुलाबी गालांचा, कुणाचा तरी शहाणा मुलगा होऊन राहिला. डोंगराच्या पायथ्याशी थांबणारा, पत्र लिहिणारा, भूकंपात हसणारा बाळ अल्बमात बसून वाट पाहत होता, आणि त्याची भाषा येणारं माणूस सांगलीला होतं. आत्या नसती तर ते सगळे फोटो माझ्यानंतर रद्दीत गेले असते. हललेले आणि पिवळे सर्वांत आधी.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरातल्या अल्बमातला खराब निघालेला फोटो टाकू नका. कुणीतरी कडेला अर्धं कापलं गेलंय, कुणाचा चेहरा पुसट आहे, कुठे डाग आहे, म्हणून तो बिनकामाचा ठरवू नका. चांगल्या फोटोत माणूस कसं दिसावं ते असतं, बिघडलेल्या फोटोत ते कसं होतं ते पुष्कळदा राहून गेलेलं असतं. मऊ शिसपेन्सिल घ्या, बॉलपेन नको, त्याची रेघ पुढे उठते, आणि फोटोच्या पाठीवर, कडेला, हलक्या हाताने नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. कोण कशाला टेकून उभं आहे आणि का, तेही लिहा. हे सांगू शकेल असं ऐंशीच्या घरातलं एखादं माणूस तुमच्या ओळखीत अजून असेल. येत्या रविवारी त्यांच्या मांडीवर अल्बम ठेवा आणि विचारा. पुढच्या दिवाळीवर टाकू नका.